फार्मर्स वाइफ, द

ॲल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) या दिग्दर्शकाचा ग्रामीण जीवनावरील ब्रिटिश मूकचित्रपट (१९२८). ईडन फिलपॉट्स (१८६२–१९६०) या इंग्रज लेखकाच्या त्याच नावाच्या सुखात्मिकेवर तो आधारलेला असून त्याची निर्मिती ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स या संस्थेने केली. पटकथा एलियट स्टॅनर्डची, तर छायालेखन जॅक कॉक्सचे आहे. फिलपॉट्सचा जन्म राजस्थानातील मौंट अबू येथला. तथापि त्याचे बरेचसे लेखन इंग्लंडमधील डेव्हन परगण्याशी निगडित आहे. मूळ नाटक १९१६ साली बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरमध्ये प्रथम सादर झाले. १९२४ पासून लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये त्याचे १,३०० हून अधिक प्रयोग झाले.

सॅम्युएल स्वीटलंड (जेम्सन टॉमस) हा डेव्हनमधील सुखवस्तू शेतकरी विधुर आहे. मुलीच्या लग्नानंतर घर सुने वाटू लागताच तो पुन्हा विवाह करण्याचे ठरवितो आणि घर सांभाळणाऱ्या मिंटा (लिलिअन हॉल-डेव्हिस) हिच्याच मदतीने संभाव्य वधूंची यादी करतो. होकार ठरलेलाच, या गुर्मीत तो चौघींना मागणी घालतो. चौघीही नकार देतात. अखेरीस योग्य सहचारिणी आपल्याच घरात असल्याचे त्याला उमगते.

नाटकाची गोडी प्रामुख्याने ग्रामीण बोलीतील खुसखुशीत संवादांत होती. मूकपटाला हे साधन जवळजवळ वर्ज्यच. लिखित फलकांवर काही विनोद उतरले, तरी त्यांतील बोलीचा ठसका हरपतो. ही उणीव हिचकॉकने एका खुर्चीच्या साहाय्याने भरून काढली. शेकोटीजवळील दिवंगत पत्नीच्या रिकाम्या खुर्चीत स्वीटलंडला यादीतील एकेक स्त्री बसलेली भासते. एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा आणून हे आभास दाखविले आहेत. शेवटी त्याच खुर्चीत मिंटा दिसते, ती मात्र आभास नसते. हॉल-डेव्हिसच्या संयत मुद्राभिनयामुळे मिंटाचे मन प्रेक्षकाला नायकाच्या कितीतरी आधी कळते. त्यामुळे नायक कोणाला निवडणार यापेक्षा त्याला केव्हा दिसणार, हे कुतूहल चित्रपट धरून ठेवते. नायकाला ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला आधी कळू देण्याची ही रीत हिचकॉकने पुढे आपल्या रहस्यपटांत भीती निर्माण करण्यासाठी वापरली. येथे तिच्यातून हास्य आणि करुणा उपजते.

दोषही स्पष्ट आहेत. थर्झा टॅपरच्या घरच्या मेजवानीचा प्रसंग प्रहसनाच्या अंगाने लांबतो. तेथे रंगभूमीची चौकट सुटलेली नाही. चर्डल्स ॲश या कुरकुऱ्या गड्याच्या भूमिकेत गॉर्डन हार्करने हशा मिळविला असला, तरी त्याच्या करामती कथानकाला खीळ घालतात. याहून गंभीर बाब म्हणजे नकार देणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे व्यंगचित्रण. ‘मी स्वतंत्र आहे’ असे सांगणाऱ्या विधवेची बाजू रास्त असूनही चित्रपट तिला हास्यास्पद ठरवितो. मात्र स्वीटलंडचा अहंकारही तो तितक्याच निष्ठुरपणे उघडा पाडतो. मिंटापुढे येतो तो मानहानीने नमलेला पुरुष. म्हणूनच शेवट केवळ सोयीचा न वाटता पटतो.

या नाटकावर १९४१ मध्ये बोलपटही निघाला. हिचकॉकने स्वतः आपल्या मूकपटाला फारसे महत्त्व दिले नाही आणि रहस्यपटांच्या कीर्तीपुढे तो झाकोळला गेला. २०१२ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉकच्या उपलब्ध नऊ मूकपटांचे पुनरुज्जीवन केले, त्यांत याचाही समावेश होता. शब्दप्रधान नाटकाला दृश्यरूप देताना काय गमावते व काय साधते, याचे उदाहरण म्हणून हा चित्रपट अभ्यसनीय ठरतो.