कूपर ब्लॅक : जाड अक्षराचा मऊपणा

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या रेघेच्या टोकाला असलेली छोटी बैठक. बऱ्याच ठळक सेरिफ फॉन्टमध्ये ती धारदार असते, त्यामुळे शीर्षक भारदस्त आणि थोडे रागीट दिसते. ‘कूपर ब्लॅक’ तितकाच जाड आहे, तरी रागीट वाटत नाही. असे का, ते पाहू.

शिकागोत जाहिरातींची अक्षरे हाताने काढणाऱ्या ऑस्वाल्ड कूपर यांनी तो रेखाटला. १९२२ मध्ये तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने तो बाजारात आणला. स्क्रीनवर तो खूप मोठा करून बघा. तीक्ष्ण कोपरा जवळजवळ सापडत नाही. सेरिफची टोके गोल, तळही किंचित फुगलेला. ‘ओ’च्या आतली पोकळी मागे कललेली, ‘आय’वरचा ठिपकासुद्धा तिरका लंबगोल. मशीन ड्रॉइंगमध्ये आपण कोपऱ्याला फिलेट देतो, म्हणजे ताण एका जागी साठत नाही. इथे नजरेचे तसेच होते. ती कुठेच अडत नाही. (ही उपमा आहे, परीक्षेत लिहू नका.)

‘बीच बॉइज’च्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर हाच फॉन्ट आहे. ‘ईझीजेट’ या विमान कंपनीच्या नावातही तोच. काही जण त्याला जुनाट आणि बालिश म्हणतात. मला हा आरोप पटत नाही. बिघडते ते फॉन्टमुळे नाही, जागा चुकल्यामुळे.

समजा, प्रयोगशाळेतल्या ४१५ व्होल्टच्या पॅनेलवर ‘डेंजर’ हा शब्द कूपर ब्लॅकमध्ये लावला. शब्द वाचला जाईल, पण पाऊल मागे येणार नाही. अक्षर गोळीच्या वेष्टनासारखे दिसते आणि अर्थ विजेच्या धक्क्याचा आहे. डोळा आधी अक्षराचे ऐकतो. उलट, समुपदेशन कक्षाच्या दारावर हाच फॉन्ट लावून पाहा. आत जावे की नाही या विचारात बाहेर घुटमळणाऱ्या मुलाला तो सरकारी पाटीपेक्षा जवळचा वाटेल.

प्रोजेक्ट रिपोर्टच्या मजकुरासाठी मात्र तो मुळीच नको. ‘ई’ आणि ‘ए’च्या पोटातली मोकळी जागा आधीच चिमुकली, १२ पॉइंटमध्ये झेरॉक्स काढली की ती बुजते.

आणखी एक अडचण खास आपली. कूपर ब्लॅकमध्ये देवनागरी, तमिळ, बंगाली अक्षरे नाहीत. संगणक मुकाट्याने दुसरा फॉन्ट घालतो. मग पोस्टरवर इंग्रजी ओळ हसरी आणि तुमच्या भाषेची ओळ परिपत्रकासारखी दिसते. अशा वेळी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बलू’ वापरून पाहा. तो मोफत मिळतो आणि अनेक भारतीय लिप्यांत आहे. त्याला सेरिफ नाहीत, पण गोलाई आणि वजन आहे. दोन्ही ओळी सारख्याच आकड्याच्या पॉइंटमध्ये ठेवू नका. कागदावर छापा, भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून पाहून आकार जुळवा.