हक्क आणि अधिकार

बडोदे सरकारने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांचा राज्यव्यवहारकोश प्रसिद्ध केला. कारभारातील शब्द देशी भाषांतही नेमका असावा, ही त्यामागील दृष्टी. त्या कसोटीवर आजचा एक प्रघात आम्हांस सदोष वाटतो: इंग्रजीतील 'राइट' आणि 'ऑथॉरिटी' या दोहोंसाठी मराठीत सर्रास 'अधिकार' हा एकच शब्द योजला जातो.

भेद शाब्दिक नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. हेतू उदात्तच होता. परंतु तो राजाचा अधिकार होता, मुलाचा हक्क नव्हे. २००९ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षण हा मुलाचा हक्क ठरविला आणि जाब देण्याची पाळी शासनावर आली.

'अधिकार' शब्दाला पात्रतेचाही वास आहे. म्हणून आपण 'अधिकारी पुरुष' म्हणतो. हक्काला पात्रता सिद्ध करावी लागत नाही. 'माहितीचा अधिकार' म्हणताना नागरिक नकळत अर्जदार होतो. 'हक्काचे घर' म्हणणाऱ्या भाषेने, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलेल्या आपण, हा भेद जपावयास हवा.