मॅन पेज : भरवशाचा संदर्भ, अपुरा शिक्षक

प्रयोगशाळेत लिनक्सवर पहिल्यांदा काम करताना तुम्ही एखादी शंका विचारता आणि उत्तर मिळते, "मॅन पेज वाचा." हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. मॅन पेज कसे वाचायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या लेखनप्रकाराचे गुणदोष तपासून पाहू.

युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते लिहिले. नाव, वापराचा सारांश, वर्णन असा ठरलेला साचा तेव्हापासूनचा. त्यातच 'बग्ज' नावाचा एक भागही होता. आपल्याच प्रोग्रॅममधील उणिवा त्याच्याच माहितीपत्रकात नोंदवायच्या, हा प्रामाणिकपणा आजही अनुकरणीय आहे.

आता दोष पाहू. पहिला दोष असा की कमांडचे नाव ठाऊक असेल, तरच पान सापडते. नाव ठाऊक नसेल तर 'अ‍ॅप्रोपो' ही कमांड पानांच्या एका ओळीच्या वर्णनांत शब्द शोधून देते. मात्र फाइल पुसायची म्हणून तुम्ही 'डिलीट' शोधलेत, तर अक्षरे बदलणारी 'टीआर' ही कमांड दिसेल. हवी असलेली 'आरएम' दिसणार नाही, कारण तिच्या वर्णनात 'रिमूव्ह' हा शब्द आहे. इंग्रजी ही ज्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, त्याला ही अडचण अधिक जाणवते. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

दुसरा दोष विभागांचा. सी भाषेतील 'प्रिंटएफ' फंक्शनची माहिती हवी म्हणून तुम्ही 'मॅन प्रिंटएफ' टाइप करता. समोर येते ते शेलच्या त्याच नावाच्या कमांडचे पान, कारण विभाग १ कमांडचा आहे आणि लायब्ररी फंक्शन विभाग ३ मध्ये आहेत. 'मॅन ३ प्रिंटएफ' लिहिले की हवे ते पान उघडते. 'सीडी'चे तर अनेक लिनक्स यंत्रणांवर पानच नसते. ती शेलच्या आतली कमांड असल्याने बॅश शेलमध्ये 'हेल्प सीडी' लिहावे लागते.

तिसरा दोष सारांशाच्या सांकेतिक लिपीचा. चौकटी कंस म्हणजे ऐच्छिक, तीन टिंबे म्हणजे पुन्हा देता येते, उभी रेघ म्हणजे यांपैकी एकच. लिनक्सवर याचा खुलासा आहे, पण तो 'मॅन मॅन' या पानात आहे. कुलपाची किल्ली कुलूपबंद खोलीत ठेवावी, तसे हे झाले.

चौथा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. अनेक पानांत पर्यायांची लांबलचक यादी असते, पण उदाहरण एकही नसते. पर्याय वर्णानुक्रमाने मांडले की रोज लागणारा आणि वर्षातून एकदा लागणारा पर्याय सारख्याच महत्त्वाचा दिसतो.

मग ही पाने सोडून शोधयंत्रावर मिळेल ती ओळ चिकटवावी का? नाही. ती ओळ कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली होती हे तुम्हाला कळत नाही. मॅन पेज सहसा तुमच्या संगणकावर असलेल्या आवृत्तीचे असते आणि इंटरनेट नसतानाही उघडते. 'आरएम'सारख्या कमांडमध्ये हा फरक महागात पडू शकतो, कारण ती फाइल कचरापेटीत टाकत नाही, थेट काढून टाकते.

म्हणून पान कादंबरीसारखे सलग वाचू नका. नाव आणि सारांश वाचा, तिरकी रेघ देऊन हवा तो पर्याय शोधा, शेवटी उदाहरणे आहेत का पाहा, 'क्यू' दाबून बाहेर या आणि रिकाम्या फोल्डरमध्ये नमुन्याच्या फाइलींवर करून बघा. एवढे करूनही अडले, तर काय टाइप केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे सांगून जरूर विचारा. असा प्रश्न बहुधा पानातील एखादी उणीवच दाखवून देतो. पुढे तुमच्या प्रकल्पासाठी तुम्ही स्वतः माहितीपत्रक लिहाल, तेव्हा तो प्रश्न आठवा आणि पर्यायांच्या यादीआधी दोन उदाहरणे द्या.