वर्णपटीय उपकरणांतील सुधारणांचे निकष : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरव्या रंगाचा पाऊस पडल्याची चर्चा झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळी रंग सर्वांना दिसला. तथापि रंग दिसणे आणि त्या रंगामागील पदार्थ सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नागरिकांची तक्रार आणि कारखानदाराचा नकार यांमधील निवाडा ज्या पुराव्यावर व्हावयाचा, तो पुरावा प्रयोगशाळेतील वर्णपटीय उपकरण पुरवते. त्यामुळे अशा उपकरणांत सुधारणा होणे म्हणजे नेमके काय होणे, हा प्रश्न या परिसरापुरता तरी केवळ तांत्रिक राहत नाही. प्रस्तुत लेखात सुधारणेच्या प्रचलित कल्पनेची चिकित्सा केली आहे.

विभेदनक्षमतेचे अवास्तव महत्त्व

उपकरणाची प्रत ठरविताना विभेदनक्षमतेचा, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखविण्याच्या शक्तीचा, आकडा प्रथम पाहिला जातो. या समजुतीचे मूळ पदवी अभ्यासक्रमातील प्रयोगात आढळते. सोडियमच्या ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा वेगळ्या दिसल्या की ग्रेटिंग चांगले, असे विद्यार्थी शिकतो. त्यासाठी पहिल्या क्रमात सुमारे एक हजार रेषांवर प्रकाश पडणे पुरेसे असते. इंचाला १५,००० रेषांचे नेहमीचे ग्रेटिंग हे काम सहज करते.

परंतु सोडियमच्या वाफेतील अणू सुटे असतात, म्हणून त्यांच्या रेषा अरुंद असतात. पाण्यात विरघळलेल्या रंगद्रव्याच्या रेणूंची स्थिती तशी नसते. त्यांचे शोषणपट्टे कित्येक दशक नॅनोमीटर रुंद असतात. अशा पट्ट्यासाठी एक नॅनोमीटरऐवजी दशांश नॅनोमीटरची फट वापरल्याने माहितीत भर पडत नाही. उलट प्रकाश कमी होऊन मोजमापातील अस्थिरता वाढते. वायू, अणूंचे उत्सर्जन किंवा रामन वर्णपट यांच्या अभ्यासात सूक्ष्म विभेदन आवश्यक ठरते, हे मान्य केलेच पाहिजे. आक्षेप आहे तो एका क्षेत्रातील निकष दुसऱ्या क्षेत्रात विचार न करता लावण्याला.

त्रुटीची दिशा

रंगीत सांडपाण्याच्या बाबतीत अधिक निर्णायक दोष म्हणजे अवांतर प्रकाश. निवडलेल्या तरंगलांबीखेरीज अन्य प्रकाशही आतील परावर्तनामुळे आणि ग्रेटिंगच्या दोषांमुळे शोधकापर्यंत पोहोचतो. हे प्रमाण एक टक्का असेल, तर ज्या द्रावणाचे खरे शोषणमूल्य २ आहे, त्याचे मूल्य उपकरण सुमारे १.७० दाखवते. तेच प्रमाण ०.१ टक्का असल्यास वाचन सुमारे १.९६ येते. शोषणमूल्य ०.५ असलेल्या फिक्या द्रावणात मात्र एक टक्का अवांतर प्रकाशानेही वाचन सुमारे ०.४९ इतकेच उतरते.

या आकड्यांचा अर्थ महत्त्वाचा आहे. ही त्रुटी कधी अधिक तर कधी उणी अशी नसून एकाच दिशेची आहे. पाणी जितके गडद, तितके ते प्रत्यक्षापेक्षा फिके नोंदले जाते. म्हणजेच सदोष उपकरण तटस्थ राहत नाही. अधिक प्रदूषण करणाऱ्याला ते अधिक सवलत देते. दुहेरी मोनोक्रोमेटर व होलोग्राफिक ग्रेटिंग यांमुळे हा दोष कमी होतो, आणि खरी सुधारणा म्हणावी ती हीच. संपूर्ण वर्णपट क्षणात टिपणारी डायोड-शृंखलेची उपकरणे सोयीची असली, तरी या बाबतीत ती सामान्यतः दुहेरी मोनोक्रोमेटरच्या मागे राहतात. ज्या प्रयोगशाळेला महाग उपकरण परवडत नाही, तिला नमुना विरल करून मोजण्याचा मार्ग उपलब्ध आहे. मात्र विरलीकरणाचे प्रमाण आणि आम्लता यांची नोंद हवी, कारण अनेक रंगद्रव्यांचा रंग आम्लतेनुसार बदलतो. गढूळ नमुना गाळला नाही, तर प्रकीर्णनामुळे कमी झालेला प्रकाशही शोषण म्हणून मोजला जातो.

मापनपट्टीचा प्रश्न

उपकरण निर्दोष असले, तरी मापनपट्टी अयोग्य असू शकते. पाण्याचा रंग मोजण्याची प्लॅटिनम-कोबाल्ट पट्टी ॲलन हेझन यांनी १८९२ मध्ये मांडली. नैसर्गिक पाण्यातील पिवळसर-तपकिरी छटेसाठी ती योग्य आहे. गुलाबी वा हिरव्या सांडपाण्याला तिच्यावर स्थानच नाही. अनेक तरंगलांबींवरील पारेषण मोजून कोणत्याही छटेची तीव्रता काढणारी, अमेरिकी रंगद्रव्य-उत्पादक संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत येथे अधिक न्याय्य ठरते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती पद्धतीची विवेकी निवड.

रामन पद्धती : लाभ आणि किंमत

एखादे रंगद्रव्य नेमके कोणते, हे सांगण्यास रुंद शोषणपट्टा अपुरा पडतो. येथे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या प्रकीर्णनाचा आधार घेता येतो, कारण रेणूच्या कंपनांची ओळख त्यात उमटते. १९६० नंतर लेझरमुळे ही पद्धत व्यवहार्य झाली. परंतु अनेक रंगद्रव्यांची प्रतिदीप्ती ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरखाली मूळ संकेत झाकून टाकते. १०६४ नॅनोमीटरचा लेझर घेतला, तर प्रतिदीप्ती बहुतांशी टळते. पण तरंगलांबी दुप्पट होताच प्रकीर्णन सोळापटीने क्षीण होते. प्रत्येक सुधारणेची अशी किंमत असते आणि ती माहितीपत्रकात ठळकपणे येत नाही. हाती धरण्याजोग्या उपकरणांविषयीही सावधता हवी. साठवलेल्या वर्णपटांच्या संग्रहात एखादा पदार्थ नसेल, तर केवळ सर्वाधिक जुळणाऱ्या वर्णपटाचे नाव पुढे येते. त्यास ओळख पटली असे म्हणता येत नाही.

रंगाच्या मर्यादा

मे २०१६ आणि मे २०२४ मधील डोंबिवलीच्या स्फोटांनी आणखी एका मर्यादेकडे लक्ष वेधले. रासायनिक धोका रंगीत असतोच असे नाही. टोल्युइन डोळ्याला रंगहीन दिसते, पण ते अतिनील भागात २६० नॅनोमीटरच्या आसपास शोषण दाखवते. मिथेनॉल तेथेही गप्प राहते. त्यासाठी अवरक्त वर्णपट लागतो. जड धातूंसाठी ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेली अणुशोषण पद्धती किंवा तत्सम तंत्र आवश्यक ठरते. म्हणून एका उपकरणाच्या निरंक अहवालावरून पाणी निर्धोक असल्याचा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून नाही.

समारोप

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांना या संदर्भात विशेष स्थान आहे. पाऱ्याचा दिवा पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत असतोच. त्याच्या ४३५.८ व ५४६.१ नॅनोमीटरच्या रेषांनी तरंगलांबीची, आणि पोटॅशियम डायक्रोमेटच्या प्रमाणित द्रावणाने शोषणमूल्याची पडताळणी होऊ शकते. हे काम नियमितपणे होऊन त्याची नोंदवही राहिली, तर जुने उपकरणही विश्वसनीय पुरावा देईल. नोंदीअभावी नवे उपकरणही वादात टिकणार नाही.

सारांश, वर्णपटीय उपकरणातील सुधारणा आकड्याच्या मोठेपणावर जोखणे अपुरे आहे. कोणती त्रुटी कमी झाली, ती त्रुटी कोणाच्या बाजूने झुकत होती आणि उरलेली त्रुटी अहवालात स्पष्टपणे नोंदली आहे काय, हे तीन प्रश्न तिला विचारले गेले पाहिजेत. उल्हास खाडीकाठच्या वस्तीला विभेदनक्षमतेच्या आकड्याशी कर्तव्य नाही. आपल्या पाण्याविषयी दिलेले उत्तर उद्याच्या तपासणीतही टिकेल, एवढी खात्री तिला हवी आहे.