उत्तर सापडल्यावर

इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोड्यांच्या दुनियेत एक जुना क्लू फार कौतुकाने सांगितला जातो. एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ ही अक्षरे ओळीने, आणि पुढे पाच हा आकडा. उत्तर ‘वॉटर’. ‘एच’पासून ‘ओ’पर्यंत, म्हणजे ‘एच टू ओ’, म्हणजे पाण्याचे रासायनिक सूत्र. ऐकणारा खूश होतो आणि बहुतेकांचे स्पष्टीकरण तिथेच संपते. माझ्या मते ते तिथून सुरू व्हायला हवे. क्रिप्टिक क्लूमध्ये उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात: एक अर्थाची, दुसरी शब्दखेळाची. एकीने काढलेले उत्तर दुसरीने पडताळता येते. या क्लूमध्ये अर्थाची वाट नाहीच. तरीही तो इतका का आवडतो? आणि रोजच्या कोड्यात तो चालवून घ्यावा का?

हा वाद जुना आहे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात आले. त्यात सरळ अर्थ विचारलेले होते. त्याला वळणे दिली इंग्लंडने. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून टॉर्केमाडा या नावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचत, ती बुद्धिमान होती, पण नियम त्यांच्या मनातले. १९३९ मध्ये त्यांची जागा घेणारे डेरिक मॅकनट, म्हणजे झिमेनेस, यांनी शिस्त आणली. १९६६ साली त्यांनी या कलेवर आख्खे पुस्तक लिहिले. त्यांच्या पंथाचे सार असे: नेमका अर्थ, न्याय्य शब्दखेळ आणि बाकी एकही फालतू शब्द नको. क्लूने वाचकाला खुशाल फसवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये. १९७२ मध्ये आलेले त्यांचे वारस अ‍ॅझेड. टॉर्केमाडा आणि झिमेनेस ही स्पॅनिश धर्मन्यायाधीशांची नावे. अ‍ॅझेड हे तसल्याच एका डेझाचे नाव उलटे फिरवून झालेले.

झिमेनेस आणि अ‍ॅझेड यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम कोड्याच्या चौकटीबाहेर आहे. स्पर्धेच्या कोड्यात दिलेल्या शब्दासाठी सोडवणाऱ्यांनीच क्लू रचून पाठवायचा. त्यांतले निवडक क्लू शेऱ्यांसह एका पत्रकात छापले जात. त्याला नुसते ‘स्लिप’ म्हणत. कुठला शब्द भरतीचा, कुठे व्याकरण शब्दखेळाला साथ देत नाही, कुठे वरवरचा अर्थ सुंदर पण न्याय अपुरा, याची चर्चा त्यात असे. सोडवणारा असा हळूहळू रचणारा झाला. एवढी बारीक समीक्षा कवितेच्या वाट्यालाही क्वचितच येते.

या शिस्तीला समोरून उत्तर दिले ‘गार्डियन’च्या अरॉकेरियाने. पेशाने धर्मगुरू असलेले जॉन ग्रॅहम १९५८ पासून तिथे कोडी रचत होते. नियम वाकवायला त्यांची ना नव्हती, पण उत्तर सापडल्यावर वाचकाला लुबाडले गेल्यासारखे वाटत नसे. आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये वाचकांना कोड्यातूनच कळवले. त्याच वर्षी ते गेले. माझा कल झिमेनेसकडे आहे, तरी अरॉकेरियाशिवाय ही कला कोरडी राहिली असती हे मान्य करायलाच हवे.

आज रचनेचा दर्जा उत्तम आहे. खुद्द आपल्याकडे चेन्नईच्या ‘हिंदू’त भारतीय कोडेकारांची क्रिप्टिक कोडी नेमाने येतात. कमी पडते आहे ते स्पष्टीकरण. अक्षरांचा साचा दिला की संगणक शब्दांची यादी समोर ठेवतो. त्यातला एक उचलायचा आणि मग क्लूला त्याच्याशी कसेबसे जुळवायचे, ही सवय बोकाळली आहे. ‘या अक्षरांची उलथापालथ, त्यात तो शब्द’ एवढे सांगून शवविच्छेदन पूर्ण होते. पण वाचक नेमका कोणत्या शब्दावर घसरला, ते घसरणे न्याय्य होते का, हे कोणी सांगत नाही.

मराठीत तर इतकेही नाही. आपली वर्तमानपत्रे आडवे-उभे शब्द समानार्थाने विचारतात आणि दुसऱ्या दिवशी नुसती उत्तरे छापतात. श्लेषाचे सभंग-अभंग भेद शाळेत शिकलेल्या वाचकाला क्रिप्टिक जड जाईल, हे मला पटत नाही. हा क्लू पाहा: ‘मोडतोड करून विकता येते ती रचना (३)’. ‘रचना’ हा अर्थ, ‘मोडतोड’ ही खूण, आणि ‘विकता’ची तीन अक्षरे फिरवली की ‘कविता’. वाचक घसरतो तो ‘विकता येते’ या जोडीवर. बाजाराचा विचार मनात आला की ‘विकता’ हा नुसता कच्चा माल आहे हे ध्यानात येत नाही. दोष काढायचाच तर ‘रचना’ हा अर्थ सैल आहे. इमारतीचीही रचना असते.

अडचणी आहेत. आपल्या चौकटीत मात्रा अक्षरासोबतच बसते, त्यामुळे इंग्रजीसारखी स्वर-व्यंजने सुटी करून उलथापालथ होत नाही; तीन-चार घरांच्या शब्दात फिरवायला जागाही थोडी. पण शब्द तोडून जोडणे, उलटा वाचणे, वाक्याच्या पोटात लपवणे हे सगळे आपल्याला खुले आहे. आधी ठरवावे लागेल ते एवढेच, की आडवा ‘वि’ आणि उभा ‘वी’ एकाच घरात चालतील का. माझे मत, चालू नयेत.