कोळसा भरडण्या-दळण्याच्या यंत्रांची निवड : प्रचलित निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
औष्णिक वीज केंद्रात कोळसा दोन टप्प्यांत बारीक केला जातो. प्रथम क्रशरमध्ये तो भरडून साधारणतः २० ते २५ मिलिमीटरपर्यंत आणला जातो. नंतर मिलमध्ये त्याचे पीठ होते. या पिठातील सुमारे ७० टक्के कण ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावेत, अशी अपेक्षा असते. यंत्रनिवडीचा विचार बहुधा क्षमता, खरेदीची किंमत व हार्डग्रोव्ह निर्देशांक या तीन निकषांभोवती फिरतो. हे निकष आवश्यक आहेत. तथापि भारतीय कोळशाच्या संदर्भात ते अपुरे ठरतात.

निर्देशांकाची मर्यादा :
हार्डग्रोव्ह चाचणीत ५० ग्रॅम कोळसा आठ पोलादी गोळ्यांखाली ६० फेरे दळतात. ७५ मायक्रॉनखाली गेलेल्या वजनाला ६.९३ ने गुणून त्यात १३ मिळविले की निर्देशांक येतो. ६ ग्रॅम कोळसा चाळणीतून गेला, तर निर्देशांक सुमारे ५५ येतो. म्हणजेच जो भाग सहज फुटला त्यावरून निर्णय होतो. उरलेले ४४ ग्रॅम मौनच राहतात. प्रत्यक्ष मिलमध्ये मात्र न दळलेले कण वर्गीकारकातून पुनःपुन्हा परत येतात आणि या फिरत्या भारात कठीण खनिजांचे प्रमाण वाढत जाते. दळणास सुलभ वाटणारा कोळसा यंत्राची झीज करण्यात कठोर असू शकतो. झिजेसाठी यॅन्सी-गीअर-प्राइस ही स्वतंत्र चाचणी आहे. तीत कोळशात फिरणाऱ्या चार पात्यांच्या वजनातील घट मोजली जाते. निवडीच्या वेळी तिला हार्डग्रोव्हइतकेच स्थान मिळणे आवश्यक आहे.

भारतीय कोळशाचे वेगळेपण :
गोंडवाना कोळशात राखेचे प्रमाण अनेकदा ३० ते ४५ टक्के असते व खनिजद्रव्य कोळशात अगदी एकजीव झालेले असते. वर्धा खोऱ्यातील चंद्रपूर-यवतमाळ परिसरातील उघड्या खाणींतून कोळशाबरोबर दगडही येतो. पावसाळ्यात ओला, चिकट कोळसा क्रशर व घसरणींमध्ये तुंबतो. वातशुष्क नमुन्यावरील निर्देशांकात या अडचणीचे प्रतिबिंब पडत नाही.

यंत्रांची तुलना :
बाउल मिलला वीज तुलनेने कमी लागते. परंतु तिचे रोलर झिजतात आणि ते बदलण्यासाठी मिल थांबवावी लागते. ट्यूब मिलमध्ये चालू स्थितीत गोळे भरता येतात व ती झीजकारक कोळसाही पेलते. मात्र भार कमी झाला तरी तिचा वीजवापर फारसा घटत नाही. म्हणून ‘उत्तम मिल कोणती’ हा प्रश्नच सदोष आहे. कोणत्या कोळशासाठी, किती भारावर आणि किती वर्षांच्या एकूण खर्चात, हे विचारले पाहिजे. क्रशरबाबतही हेच लागू होते. धुलाईपूर्वी अधिक बारीक भरडल्यास दगड सुटा होतो, पण चुराही वाढतो आणि चुरा धुणे कठीण व खर्चिक असते.

धोरणाचा परिणाम :
१९९७ च्या अधिसूचनेने खाणीपासून दूरच्या व संवेदनशील भागांतील वीज केंद्रांसाठी राखेची ३४ टक्के मर्यादा घातली. ती २००१ पासून लागू झाली. २०२० मध्ये हे बंधन काढण्यात आले. जो दगड धुलाईत वेगळा होत नाही, तो शेवटी मिललाच दळावा लागतो. धोरणातील बदल अशा रीतीने रोलरच्या झिजेत उतरतो.

निष्कर्ष :
यंत्राची निवड कोळशाच्या सरासरी गुणांवरून नव्हे, तर त्याच्या सर्वांत वाईट खेपेवरून व्हावी. दळणसुलभता, झीजकारकता, ओलावा व राख यांचा एकत्रित विचार, तसेच वीज व सुट्या भागांसह एकूण खर्चाची मांडणी, हे निवडीचे किमान निकष होत. अभ्यासक्रमातही निर्देशांकाच्या सूत्राबरोबर त्याची मर्यादा शिकविली जाणे अगत्याचे आहे. अन्यथा कागदावर स्वस्त ठरलेली मिल प्रत्यक्षात महाग पडते.