कानाची साक्ष

माझे कान लहानपणापासून बाहेर आलेले. आजी म्हणे, ‘गणपतीसारखे सुपाएवढे कान, भाग्याचं लक्षण.’ शाळेत मुले त्याच कानांवरून चिडवत. कान तेच, अर्थ दोन. एकोणिसाव्या शतकातल्या दोन इटालियन लेखकांविषयी वाचताना हे पुन्हा आठवले.

पहिला जोव्हान्नी मोरेल्ली. वैद्यक शिकलेला हा कलासमीक्षक १८७४ ते १८७६ या काळात ‘इव्हान लेर्मोलिएफ’ या टोपणनावाने जर्मनमध्ये लिहीत होता. त्याचे म्हणणे असे : चित्र कोणाचे हे ठरवताना चेहऱ्यावरचे भाव किंवा एकूण रचना यांवर विसंबू नका, ती नक्कल करणाऱ्यालाही साधते. कानाची पाळी पाहा, बोटांची नखे पाहा. तिथे चित्रकार बेसावध असतो, हात सवयीने चालतो. बोत्तिचेल्ली, मान्तेन्या, बेल्लिनी यांनी काढलेल्या कानांची रेखाटने त्याने म्हणूनच शेजारी-शेजारी छापली.

दुसरा चेझारे लोम्ब्रोझो, पेशाने डॉक्टर. १८७६ च्या ‘गुन्हेगार माणूस’ या ग्रंथात त्याने जन्मजात गुन्हेगाराच्या शारीरिक खुणा सांगितल्या. कढईच्या कानांसारखे बाहेर आलेले कान ही त्यांतलीच एक.

दोघेही कानच वाचतात, पण प्रश्न वेगळे. मोरेल्ली विचारतो, हा कान कोणी काढला? लोम्ब्रोझो विचारतो, असा कान असलेला माणूस कसा? पहिल्याचे उत्तर त्या चित्रकाराच्या निर्विवाद चित्रांशी ताडून पाहता येते. अर्थात शिष्य गुरूचा कानही गिरवू शकतो. मोरेल्लीच्या पद्धतीतला हा कच्चा दुवा आहे. पण तो चुकला तर चित्राखालची पाटी बदलते. लोम्ब्रोझो चुकला तर माणसाच्या कपाळी शिक्का बसतो.

आणि तो चुकलाच होता. चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे इतरांशी ताडून १९१३ साली निष्कर्ष मांडला : गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक साचा नसतो. पाळी मोकळी की चिकटलेली, एवढ्याशा फरकामागेही २०१७ च्या एका अभ्यासात ४९ जनुकीय स्थाने आढळली. कानाचा आकार वारशाबद्दल थोडे सांगतो, ओळख पटवायला मदत करतो. स्वभावाबद्दल मात्र तो मुका आहे.

म्हणूनच आजीचा अर्थही मला आता तपासावासा वाटतो. तो प्रेमाचा होता, एवढ्यावरून खरा ठरत नाही. शाळेतल्या मुलांचा आणि तिचा, दोन्ही अर्थ लोम्ब्रोझोच्याच वाटेने आलेले. फरक इतकाच, की गोड अर्थाला आपण पुरावा मागत नाही.